युद्धपटातला रेडिओ: गाणी, निवेदकाचा आवाज आणि खरखर कशी बांधावी

युद्धाच्या पार्श्वभूमीवरचा विनोदी चित्रपट, लघुपट किंवा एकांकिका करताना रेडिओला पात्र म्हणून उभं करायचं ठरलं, की ध्वनीचं काम दुपटीने वाढतं. अशा कथेत गाणं नुसतं मागे वाजत नसतं. ते कुणीतरी लावलेलं असतं आणि कुणीतरी ऐकत असतं. लावणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये ट्रान्समीटर असतो, स्वस्तातला स्पीकर असतो आणि युद्ध असतं. म्हणून प्रत्येक गाण्याला पहिला प्रश्न विचारायचा: हे या क्षणी कोण ऐकतंय, कुठे बसून, आणि कुठल्या संचावर? याचं उत्तर नसेल तर गाणं कितीही गोड असलं तरी काढून टाका. पुढचं सगळं मार्गदर्शन याच प्रश्नाभोवती आहे.

नमुना म्हणून बॅरी लेव्हिन्सन दिग्दर्शित 'गुड मॉर्निंग, व्हिएतनाम' (१९८७) घेऊ. कथा १९६५ च्या सायगॉनमधल्या अमेरिकन फौजी रेडिओची. रॉबिन विल्यम्सने साकारलेला निवेदक हा एड्रियन क्रोनॉअर या हवाई दलाच्या खऱ्या निवेदकावर सैलसर बेतलेला आहे. क्रोनॉअर १९६५-६६ मध्ये सायगॉनला होता. चित्रपटाचं पार्श्वसंगीत ॲलेक्स नॉर्थ यांचं, पण लोकांच्या कानात राहिली ती रेडिओवरची गाणी. १९८८ मध्ये ए अँड एम रेकॉर्ड्सने काढलेल्या अल्बममध्ये गाण्यांच्या मधे मधे विल्यम्सची बडबड ठेवलेली आहे. या ध्वनिमुद्रणाला १९८९ चं विनोदी ध्वनिमुद्रणाचं ग्रॅमी मिळालं. काम सुरू करण्याआधी हा अल्बम चित्र न पाहता सलग ऐका. बोलणं कुठे तुटतं, गाण्याचा पहिला ठोका किती लवकर येतो, दोन्हींच्या मधे श्वासाएवढी तरी जागा आहे का, हे कागदावर लिहून काढा.

पहिलं काम: तारखांचा तक्ता

पटकथेतल्या प्रत्येक प्रसंगाला महिना आणि वर्ष द्या. मग गाण्यांची यादी करा आणि प्रत्येक गाण्यापुढे ते सिंगल (एका गाण्याची सुटी तबकडी) म्हणून बाजारात कधी आलं ते लिहा. संकलन अल्बमवर छापलेलं वर्ष इथे कामाचं नाही. ते बहुतेक वेळा पुनर्प्रकाशनाचं असतं, आणि गाणं निवडण्यातली सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

या अल्बममधली गाणी अशी बसतात: सर्चर्सचं 'शुगर अँड स्पाइस' १९६३, बीच बॉइजचं 'आय गेट अराउंड' आणि रिव्हिएराजचं 'कॅलिफोर्निया सन' १९६४, मार्था अँड द व्हँडेलाजचं 'नोव्हेअर टू रन' १९६५ च्या सुरुवातीचं. जेम्स ब्राऊनचं 'आय गॉट यू (आय फील गुड)' आणि व्होग्जचं 'फाइव्ह ओ'क्लॉक वर्ल्ड' ही दोन मात्र १९६५ च्या शेवटच्या तिमाहीतली. म्हणजे काटेकोरपणे चालायचं असेल तर ही दोन गाणी उन्हाळ्यातल्या प्रसंगात वाजवता येणार नाहीत.

आणखी एक गोष्ट धरायला हवी. फौजी रेडिओचं मुख्य कार्यालय लॉस एंजेलिसमध्ये होतं आणि तिथून जगभरच्या केंद्रांना तबकड्यांची पार्सलं जात. गाणं अमेरिकेत दुकानात आलं त्याच आठवड्यात ते सायगॉनला वाजलं असं मानू नका. महिन्याभराचं अंतर ठेवलंत तर पटण्यासारखं होतं.

आता अपवाद. लुई आर्मस्ट्राँगचं 'व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड' १९६७ मध्ये ध्वनिमुद्रित झालं. १९६५ च्या सायगॉनमध्ये ते असणं शक्यच नव्हतं. तरी ते चित्रपटात आहे आणि तिथलं सगळ्यात परिणामकारक गाणं तेच आहे. शेतं, गावं, बॉम्बफेक आणि हिंसेच्या दृश्यांवर ते संथपणे वाहतं. त्या जागी गाणं संचातून बाहेर पडून चित्रपटाचं स्वतःचं बोलणं होतं, म्हणून तारीख खटकत नाही. पहिल्यांदा आलं तेव्हा अमेरिकेत हे गाणं जेमतेम खपलं होतं. चित्रपटानंतर १९८८ मध्ये ते बिलबोर्डच्या यादीत ३२ व्या क्रमांकापर्यंत गेलं. असा अपवाद घ्यायचा तर संपूर्ण चित्रपटात एकच घ्या, आणि रेडिओचा संच दिसत नसेल अशाच ठिकाणी घ्या. ट्रान्झिस्टर हातात धरलेल्या सैनिकाच्या क्लोजअपवर दोन वर्षं पुढचं गाणं लावलं तर जाणकार प्रेक्षक त्या क्षणी कथेतून उठून जातो.

दुसरं काम: मोनो प्रत मिळवा

१९६० च्या दशकातली सिंगल्स मोनोमध्ये, म्हणजे डावा-उजवा भेद नसलेल्या एकाच वाहिनीत, मिसळलेली असत, कारण ती मीडियम वेव्हवर आणि गाडीतल्या छोट्या स्पीकरवर ऐकली जाणार होती. बीच बॉइजच्या ब्रायन विल्सनला एका कानाने ऐकू येत नव्हतं आणि गटाची त्या काळातली मिश्रणं तो मोनोतच करत असे. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे तंत्रज्ञ मिश्रण छोट्या स्पीकरवर वाजवून तपासत. त्याच गाण्यांच्या नंतरच्या स्टिरिओ प्रतींमध्ये बऱ्याचदा गळा एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला असतात. स्टिरिओ प्रत सॉफ्टवेअरमध्ये मोनो केली, तर मधोमध असलेलं सगळं बाजूंच्या तुलनेत सुमारे ३ डेसिबलने वर येतं, दोन्ही बाजूंना विखुरलेला प्रतिध्वनी पातळ होतो आणि गाण्याचा तोल बिघडतो. म्हणून 'मूळ मोनो सिंगल मिश्रण' असं स्पष्ट मागा.

फाइल ४४.१ किलोहर्ट्झची असेल तर प्रकल्पाच्या ४८ किलोहर्ट्झला नीट रूपांतर करून घ्या. काही सॉफ्टवेअरमध्ये रूपांतर न करता फाइल ओढली, तर गाणं जवळपास दीड अर्धस्वराने (सेमीटोनने) वर चढतं आणि वेगही वाढतो. नव्या कानाला ते लगेच कळत नाही, गाणं पाठ असलेल्याला मात्र पहिल्या ओळीतच कळतं.

तिसरं काम: प्रत्येक गाण्याची जागा ठरवा

तक्त्यात एक रकाना वाढवा आणि त्यात तीनपैकी एक शब्द लिहा: स्टुडिओ, संच, मोकळं.

'स्टुडिओ' म्हणजे निवेदकाच्या खोलीत, मॉनिटरवर किंवा हेडफोनमध्ये येणारा आवाज. तो स्वच्छ असतो आणि खोली कोरडी असते. 'संच' म्हणजे ऐकणाऱ्याच्या जागेतला आवाज: बराकीतला ट्रान्झिस्टर, जीपच्या बॉनेटवरचा रेडिओ, बारमधला मोठा संच. 'मोकळं' म्हणजे पूर्ण रुंदीचं, चित्रावर पसरलेलं गाणं. एका गाण्याला दोन जागा असू शकतात, पण बदल कुठल्या फ्रेमवर होतो ते लिहिलेलं हवं. तक्त्यात सगळीच गाणी 'मोकळं' दिसत असतील तर तुमच्या कथेत रेडिओ फक्त नावालाच आहे.

आपल्याकडच्या काळावर काम करणाऱ्यांसाठी इथे थोडं थांबतो. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडने सैनिकांसाठी कोलंबोहून 'रेडिओ सीक' चालवला. युद्धानंतर तो शक्तिशाली ट्रान्समीटर रेडिओ सिलोनकडे आला, आणि १९५२ पासून त्याच केंद्रावरून अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' मराठी घराघरांत पोचली. फौजी रेडिओचा वारसा आपल्या दिवाणखान्यात असा होता. गोव्याच्या मुक्तिलढ्यातही १९५५ ते १९६१ या काळात लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी सह्याद्रीच्या जंगलातून गुप्त रेडिओ केंद्र चालवलं. असे विषय उचलायचे असतील तर लक्षात ठेवा, शॉर्टवेव्हचा आवाज मीडियम वेव्हपेक्षा वेगळा असतो. तो काही सेकंदांच्या लाटांनी चढतो-उतरतो आणि उतरताना गळा पोकळ, घुसमटल्यासारखा होतो. पातळी ५-६ डेसिबलने हळूहळू वरखाली करा आणि त्याच वेळी ५०० ते ३००० हर्ट्झच्या दरम्यान एक अरुंद खाच सरकत ठेवा. लाटांचं अंतर सारखं ठेवू नका. नियमित लाट कानाला यंत्राची वाटते.

चौथं काम: निवेदकाचा आवाज

निवेदक ओरडतो, कुजबुजतो, पाच माणसांचे आवाज काढतो. एकाच पातळीवर हे सगळं नीट मुद्रित होत नाही. डायनॅमिक मायक्रोफोन घ्या, तोंडापासून १० ते १५ सेंटिमीटरवर आणि किंचित तिरका ठेवा. नेहमीचं बोलणं उणे १८ डेसिबलच्या आसपास पडेल इतकीच पातळी द्या. त्याच मायक्रोफोनचा दुसरा ट्रॅक १२ डेसिबल खाली ठेवून सोबत मुद्रित करा. 'गुऽऽड मॉर्निंग'च्या लांबलचक आरोळीला पहिला ट्रॅक फाटला तर दुसरा वाचवतो. रेकॉर्डर ३२ बिट फ्लोटचा (फार मोठा आवाजही न फाटता साठवणारा) असेल तर दुसऱ्या ट्रॅकची गरज सहसा पडत नाही, मात्र मायक्रोफोनच फाटत नाही ना, हे आधी आरोळी मारून तपासा.

मायक्रोफोन कॅमेऱ्यात दिसणार असेल तर साल बघा. शूअर एसएम ५७ हे १९६५ चं आणि एसएम ५८ हे १९६६ चं मॉडेल. १९६५ च्या स्टुडिओत गोल जाळीचा एसएम ५८ ठेवला तर चूक कायमची पडद्यावर राहते.

नट उत्स्फूर्त बोलणारा असेल तर तीन नियम पाळा. ध्वनिमुद्रण चालू असताना खोलीत गाणं वाजू देऊ नका. गाणं फक्त त्याच्या बंद हेडफोनमध्ये द्या, नाहीतर संकलनात एकही वाक्य हलवता येणार नाही. दहा-पंधरा मिनिटं न थांबता मुद्रण चालू ठेवा आणि एका माणसाला फक्त टाइमकोड लिहायला बसवा. शेवटी त्याच खोलीतली एक मिनिटाची शांतता घ्या, कारण विनोदातले विराम वाढवायला तीच लागते. डिजिटल शून्य टाकलं की केंद्र बंद पडल्यासारखं ऐकू येतं.

त्या काळच्या केंद्रांवर आवाज दाबून हवेत सोडला जाई. त्यासाठी कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारी प्रक्रिया) ८:१ वर, अटॅक (दाब लागू व्हायचा वेळ) ५ मिलिसेकंद, रिलीज (दाब सुटायचा वेळ) २०० ते ४०० मिलिसेकंद, आणि आरोळीला ८ ते १० डेसिबल घट दिसेल इतका थ्रेशोल्ड (जिथून दाब सुरू होतो ती पातळी) ठेवा. बोलणं थांबलं की मागची खोलीची गाज हळूच वर येते. ती येऊ द्या, तिच्यामुळेच आवाज 'प्रसारित' वाटतो. रिलीज ५० मिलिसेकंदांवर आणलं तर मात्र प्रत्येक अक्षरानंतर गाज उसळते आणि ऐकणारा थकतो.

पाचवं काम: रेडिओचा आवाज घडवणं

इथे बहुतेक जण 'टेलिफोन' नावाचा तयार प्रीसेट लावतात आणि रेडिओऐवजी फोन ऐकू येतो. टेलिफोनचा पट्टा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचा असतो. छोट्या ट्रान्झिस्टरचा पट्टा वर ४ ते ५ किलोहर्ट्झपर्यंत जातो, खाली २५० ते ३०० हर्ट्झला उतरतो, आणि प्लॅस्टिकच्या डब्याची स्वतःची गुंज त्यात मिसळते. बारमधला लाकडी पेटीचा व्हॉल्व्ह संच खाली १०० हर्ट्झपर्यंत भरीव असतो. तो सुरू केल्यावर आवाज यायला २०-३० सेकंद लागतात, ट्रान्झिस्टर मात्र लगेच बोलतो. नटाने व्हॉल्व्ह संचाचं बटण फिरवलं आणि त्याच क्षणी गाणं सुरू झालं, तर ती चूक आहे.

प्रक्रियेचा क्रम असा ठेवा. आधी मोनो. मग कॉम्प्रेसर. मग हायपास (खालचे स्वर कापणारा फिल्टर) २५० हर्ट्झ, १२ डेसिबल प्रति सप्तक. मग १ ते १.५ किलोहर्ट्झवर ३-४ डेसिबलचा उठाव. मग सॅच्युरेशन (आवाज हलकासा फाडणारी प्रक्रिया), इतकंच की जोरकस अक्षरं किंचित चुरचुरावीत. आणि सगळ्यात शेवटी लोपास (वरचे स्वर कापणारा फिल्टर) ४.५ किलोहर्ट्झ, २४ डेसिबल प्रति सप्तक. लोपास आधी लावून सॅच्युरेशन नंतर ठेवलं तर सॅच्युरेशन नवे वरचे स्वर तयार करतं, आवाज पुन्हा चकचकीत होतो आणि केलेलं सगळं काम वाया जातं. 'रेडिओ नीट वाटत नाही, पण का ते कळत नाही' अशी तक्रार येते तेव्हा दहातल्या बऱ्याच वेळा क्रमच उलटा असतो.

खरखर ही वेगळी वस्तू आहे, तिला वेगळा ट्रॅक द्या. जवळच्या शक्तिशाली मीडियम वेव्ह केंद्रावर सतत 'श्श्श' असा आवाज नसतो. एफएमच्या दोन केंद्रांमधला तो आवाज १९६५ च्या सैनिकाच्या ट्रान्झिस्टरमध्ये टाकू नका. मीडियम वेव्हवर ऐकू येतात ते विजेचे तुटक कडकडाट, रात्री दूरच्या केंद्राची सरमिसळ आणि कधी बारीक शिट्टी. हे खरं मिळवायची सोय आपल्याकडे उत्तम आहे. मे महिन्यातल्या वळवाच्या संध्याकाळी बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हच्या रिकाम्या जागेवर लावा आणि वीस मिनिटं मुद्रण करा. सायगॉनच्या पावसाळी हवेला शोभतील असे कडकडाट मिळतात. घरात बसूनच करा, बाहेरची एरियल जोडू नका. घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर आधी बंद करा. त्यांची सलग 'घुंऽऽ' आजच्या काळाची आहे आणि नंतर ती काढणं फार जिकिरीचं होतं.

कडकडाट कधीच विनोदाच्या शेवटच्या शब्दावर येऊ देऊ नका. मधल्या, कमी महत्त्वाच्या शब्दांवर टाका. प्रेक्षकाला एक शब्द हुकला तर तो पुढचा विनोदही गमावतो.

सहावं काम: खऱ्या संचातून पुन्हा मुद्रण

फिल्टरने ऐंशी टक्के काम होतं. उरलेल्यासाठी आवाज खऱ्या संचातून, खऱ्या जागेत वाजवून पुन्हा मुद्रित करावा लागतो. ध्वनिरचनाकार वॉल्टर मर्च यांनी 'अमेरिकन ग्राफिटी'च्या (१९७३) वेळी या पद्धतीला 'वर्ल्डायझिंग' हे नाव दिलं. बजेट शून्य असलं तरी हे जमतं.

जुना, बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर घ्या. ऑक्स इनपुट असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर मागचं झाकण उघडून व्हॉल्यूमच्या पॉटपाशी (आवाज कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या भागापाशी) जा. त्याच्या जमिनीला (संचाच्या ग्राउंडला) जोडलेल्या टोकाला वायरचं कवच जोडा. डिटेक्टरकडून येणाऱ्या बाहेरच्या टोकाला सिग्नलची तार १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून जोडा. जुन्या जर्मेनियम संचांत बॅटरीचं धन टोक जमिनीला असतं, त्यामुळे कपॅसिटर गाळू नका, आणि लॅपटॉपही चार्जर काढून बॅटरीवर ठेवा. सुई केंद्र नसलेल्या जागेवर ठेवा, नाहीतर चालू केंद्र मिसळतं. फोनचा किंवा लॅपटॉपचा आवाज एक तृतीयांशापासून वर न्या. विजेवर चालणारा जुना व्हॉल्व्ह संच मात्र अशा रीतीने कधीही उघडू नका. त्यातल्या अनेकांची चेसिस (धातूचा सांगाडा) थेट मेन्सला, म्हणजे घरच्या विजेला, जोडलेली असते आणि स्पर्श जिवावर बेतू शकतो. त्यासाठी जाणकार दुरुस्तीवालाच हवा.

मायक्रोफोन तीन जागी लावा: संचापासून ३० सेंटिमीटर, २ मीटर, आणि शेजारच्या खोलीत उघड्या दारातून. संच टेबलावर, पत्र्याच्या ट्रंकेवर आणि हातात धरून अशा तीन फेऱ्या करा. पत्र्यावर ठेवला की २०० ते ४०० हर्ट्झमध्ये येणारी गुंज कुठल्याही प्लगइनमध्ये मिळत नाही. मैदानातल्या प्रसंगासाठी मैदानातच जा. खोलीतलं मुद्रण मैदानाच्या चित्रावर लावलं की भिंती ऐकू येतात.

गाण्याच्या आधी दोन सेकंदांवर आणि गाण्यानंतर पुन्हा एक, अशी १ किलोहर्ट्झची एका फ्रेमची टिकटिक ठेवा. पहिलीवर ट्रॅक जुळवा, दुसरीवर घसरण तपासा, कारण दोन वेगळ्या यंत्रांची घड्याळं तीन मिनिटांत काही मिलिसेकंद सरकू शकतात. आवाजाला ३ मीटर यायला सुमारे ९ मिलिसेकंद लागतात. दूरच्या मायक्रोफोनचा हा उशीर तसाच राहू द्या. तो दुरुस्त केला तर अंतरच नाहीसं होतं.

वेळ नसेल तर २० सेकंदांचा साइन स्वीप (खालून वर सरकत जाणारा शुद्ध सूर) संचातून वाजवून त्याचा इम्पल्स (संचाच्या आवाजाचा ठसा) काढा आणि कन्व्होल्यूशनमध्ये, म्हणजे तो ठसा दुसऱ्या आवाजावर उमटवणाऱ्या प्रक्रियेत, वापरा. डब्याची गुंज येईल, स्पीकरची चुरचुर येणार नाही. म्हणून सॅच्युरेशन कन्व्होल्यूशनच्या आधी लावा.

फील्ड वायरलेस ही वेगळी गोष्ट

निवेदकाचा रेडिओ आणि पाठीवरचा वायरलेस यांचा आवाज सारखा करू नका. व्हिएतनाममधला पीआरसी-२५ हा ३० ते ७५.९५ मेगाहर्ट्झवर चालणारा एफएम संच होता, फक्त बोलण्यासाठी. त्याला ३०० ते ३००० हर्ट्झचा अरुंद पट्टा, जास्त दाब आणि बटण सोडताना छोटासा 'ख्ख' पुरतो. वाक्याच्या शेवटी 'बीप' टाकू नका. ती सवय अंतराळ मोहिमांच्या ध्वनिफितींमुळे लागली आहे. तिथले ते सूर नासाच्या जमिनीवरच्या ट्रान्समीटर यंत्रणेचे होते, पायदळाचे नव्हेत.

सातवं काम: बोलणं आणि गाणं यांचा सांधा

इथेच विनोद जगतो किंवा मरतो. प्रत्येक गाण्याची सुरुवात स्टॉपवॉचने मोजा: पहिल्या स्वरापासून पहिल्या शब्दापर्यंत किती सेकंद? निवेदक त्या वेळेत बोलू शकतो, पण गायकाच्या तोंडून शब्द येण्याआधी त्याचं वाक्य संपलंच पाहिजे. 'आय गेट अराउंड' थेट गळ्यांनी सुरू होतं, जेम्स ब्राऊनचं गाणं किंकाळीने. अशा गाण्यांवर बोलायला जागाच नाही. तिथे वाक्य संपवा, ४ ते ६ फ्रेमची पोकळी ठेवा आणि गाणं पूर्ण ताकदीने येऊ द्या. पोकळी दहा फ्रेमच्या पुढे गेली की विनोद थंड पडतो. शून्य केली तर शेवटचं अक्षर गाण्याच्या पहिल्या ठोक्याखाली चिरडलं जातं.

विनोद सांगताना खाली संगीत नको. संगीत असलं की प्रेक्षकाला कुठे हसायचं हे आधीच कळतं. हसू येऊन ओसरायला लागलं की मग गाणं सुरू करा, पूर्ण ओसरण्याची वाट पाहू नका.

तबकडीचं वास्तव विसरू नका. ४५ आरपीएमच्या तबकडीचा एक फेरा १.३३ सेकंदांचा. निवेदक सुई पहिल्या स्वरावर आणून तबकडी पाव फेरा मागे फिरवून ठेवतो, म्हणजे सुरू केल्यापासून सुमारे ०.३ सेकंदांनी गाणं येतं. पुरेसं मागे फिरवलं नसेल तर पहिला स्वर खालून वर चढत येतो. एखाद्या गडबडीच्या प्रसंगात हा दोष मुद्दाम वापरा. पुन्हा पुन्हा मागे-पुढे केलेल्या तबकडीच्या सुरुवातीला हिस वाढलेला असतो. पहिल्या अर्ध्या सेकंदात तो घातला की स्टुडिओ खरा होतो.

संचातून मोकळं होताना

छोट्या स्पीकरमधलं गाणं हळूहळू पूर्ण पडदाभर पसरतं, तो क्षण सगळ्यांना करायचा असतो. तो वारंवार केला तर निरर्थक होतो, म्हणून चित्रपटात एकदा किंवा फार तर दोनदा. गाण्याच्या नव्या ओळीवर सुरू करा, ओळीच्या मधे नाही. ४ ते ८ सेकंदांत लोपास ४.५ वरून १८ किलोहर्ट्झवर आणि हायपास २५० वरून ३० हर्ट्झवर न्या. पूर्ण रुंदीचं गाणं मोठं भासतं, म्हणून त्याच वेळी पातळी ३ डेसिबल खाली आणा. संचातून पुन्हा मुद्रित केलेला ट्रॅक आणि स्वच्छ ट्रॅक एकत्र वाजवून क्रॉसफेड केला (एक कमी करत दुसरा वाढवला), तर काही मिलिसेकंदांच्या फरकामुळे आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो. दोन्ही ट्रॅक तंतोतंत जुळवता येत नसतील तर ड्रमच्या ठोक्यावर थेट कट करा. कट बहुतेक वेळा जास्त चांगला लागतो.

रंगमंचावर

एकांकिकेत रेडिओचा आवाज सभागृहाच्या मोठ्या स्पीकरमधून आला की नेपथ्यातला रेडिओ मेला. ३ ते ४ इंचांचा स्पीकर रेडिओच्या डब्यातच बसवा आणि वायरने जोडा. ब्लूटूथचा उशीर २०० मिलिसेकंदांच्या आसपास जाऊ शकतो आणि नटाने बटण दाबल्यावर तो शेवटच्या रांगेलाही दिसतो. शेवटच्या रांगेसाठी तोच आवाज मुख्य स्पीकरमधून अगदी थोडा द्या. रेडिओ जवळ उभं राहून ऐकलं तर मुख्य स्पीकरचा आवाज वेगळा जाणवता कामा नये. पूर्ण रुंदीचा सभागृहाचा आवाज 'मोकळं' या क्षणासाठी राखून ठेवा.

हक्क

एका गाण्यासाठी दोन परवानग्या लागतात: शब्द-चालीच्या प्रकाशकाकडून चित्राशी जोडण्याची, आणि ध्वनिमुद्रणाच्या मालक कंपनीकडून त्या विशिष्ट मुद्रणाची. एक मिळून उपयोग नाही. स्वतः नव्याने गाऊन घेतलं तर दुसरी टळते, पहिली टळत नाही. '३० सेकंदांपर्यंत चालतं' असा कुठलाही कायदा नाही.

गाणं जुनं आहे म्हणून मोकळं आहे, असंही नाही. अमेरिकेत १९५७ ते १५ फेब्रुवारी १९७२ दरम्यान प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांना १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत संरक्षण आहे. भारतीय कायद्यात शब्द आणि चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो आणि एकत्रित कृतीत शेवटी गेलेल्या कर्त्यापासून मोजतात. आर्मस्ट्राँगच्या गाण्याचे दोन रचनाकार बॉब थील (मृत्यू १९९६) आणि जॉर्ज डेव्हिड वाइस (मृत्यू २०१०). म्हणजे इथल्या हिशेबाने २०७० अखेरपर्यंत. अमेरिकन सरकारी नोकरांनी कर्तव्य म्हणून केलेल्या कामावर त्या देशात कॉपीराइट नसतो, त्यामुळे जुन्या फौजी प्रसारणातलं निवेदन वापरण्याची वाट मोकळी असू शकते, पण त्यात वाजलेली गाणी नव्हे.

आधी पत्र पाठवा, मग संकलन करा. पत्रात गाण्याचं नाव, वापराचे सेकंद, प्रसंगाचं वर्णन, प्रदेश, मुदत आणि माध्यम लिहा. पैसे कमी असतील तर फक्त महोत्सवांपुरती मर्यादित परवानगी मागा आणि पुढच्या वापराचा दर त्याच पत्रव्यवहारात लेखी ठरवून घ्या. चित्रपट गाजल्यावर विचारलं तर दर वेगळा असतो. परवानगी मिळणारच नाही असं दिसलं तर त्या धाटणीचं नवं गाणं करून घ्या: सव्वादोन ते पावणेतीन मिनिटं, मोनो, सगळे वादक एका खोलीत एकत्र, दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर टॅम्बोरीन, शेवट फेड-आउटने. वादकांना अलग अलग मुद्रित केलं तर वाद्यं एकमेकांच्या मायक्रोफोनमध्ये झिरपत नाहीत, आणि त्या काळचा आवाज तयार होतो तो याच झिरपण्यातून.

शेवटचं मिश्रण

रेडिओचा आवाज मधल्या स्वरांत एकवटलेला असतो, त्यामुळे मीटरवर कमी दिसला तरी कानाला टोचतो. प्रत्यक्ष संवादांपेक्षा तो २-३ डेसिबल खाली ठेवा. संवादाच्या मागे गाणं असेल तर गाण्यातच १ ते ४ किलोहर्ट्झमध्ये ३ डेसिबलची उतरण द्या, सगळं गाणं खाली ओढू नका. ओढलं की ताल आधी नाहीसा होतो आणि पुटपुटणारा गळा तेवढा उरतो. इंटरनेटसाठी उणे १४ ते उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) आणि ट्रू पीक (आवाजाचं खरं सर्वोच्च टोक) उणे १ डेसिबल धरा. मग संपूर्ण चित्रपट एकदा फोनच्या स्पीकरवर ऐका. फोनचा स्पीकर स्वतःच अरुंद असल्यामुळे 'संच' आणि 'मोकळं' यांतला फरक तिथे पुसला जातो. पातळी, प्रतिध्वनी आणि खरखर यांच्या आधारे तो तिथेही कळला पाहिजे.

देताना निवेदक, गाणी, खरखर आणि संचातून पुन्हा मुद्रित केलेले ट्रॅक असे चार वेगळे स्टेम (स्वतंत्र ध्वनिगट) द्या आणि प्रत्येकाची प्रक्रिया न केलेली कोरडी प्रत जोडा. एखाद्या गाण्याची परवानगी आयत्या वेळी नाकारली गेली, तर फक्त गाण्यांचा स्टेम बदलून भागतं.